निळा टाय

रविवार, १४ मे, संध्याकाळ

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडेही असेल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

आधी तक्रार. टाय ही वस्तू ज्याने शोधून काढली, त्याला मोटारसायकलवर बसवून समोरून वारा सोडायला हवा. आज सकाळी सव्वीस किलोमीटर हा टाय मला थोबाडीत मारत होता. एकदा तर हेल्मेटच्या काचेवर असा आडवा बसला की पुढचा अख्खा ट्रक निळा दिसला. आयोजकांकडे लेखी निषेध नोंदवणार होतो, पण पोट आत ओढून कोटाची बटणं लावलेल्या माणसाला वाकून लिहिता येत नाही.

हे सोंग कशासाठी, म्हणाल. पुरुषांच्या आरोग्यासाठी निधी जमवायची फेरी होती. जुन्या मोटारसायकली, अंगात कोट, गळ्यात टाय. लोकांनी थांबून विचारावं आणि पुरुष जे मरेपर्यंत बोलत नाहीत ते त्यांनी बोलावं, हा उद्देश. टक्कल पडलेले, पोट सुटलेले दीडशे नवरदेव एका रांगेत, आणि वरात कुणाची ते विचारायची सोय नाही.

मी दादाची गाडी नेली. ‘घेऊन जा, दारात दिसायला नको,’ म्हणालात, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून ती ताडपत्रीखाली होती. अकरा किका मारल्या, ढिम्म. मग दादाची रीत आठवली: चावी न लावता दोन किका, सीटवर एक थाप, मग चावी. थाप मारली आणि चालू झाली. पुढची पाच मिनिटं मीच चालू होत नव्हतो.

पाठीवर लावायला प्रत्येकाला एक पुठ्ठा मिळाला, ‘ही फेरी कोणासाठी’ ते लिहायला. शेजारचा प्लंबर ‘बाबांसाठी’ लिहून मोकळा झाला. दर रविवारी पेपरात आठशे शब्द पाडणारा मी, मला एक शब्द लिहवेना.

“अहो, लेखक ना तुम्ही? लिहा की!”

“विचार करतोय.”

“भावाची गाडी म्हणालात ना मघाशी? मग भावासाठी. त्यात विचार कसला डोंबलाचा?”

लिहिलं, ‘दादासाठी’. सव्वीस किलोमीटर पाठ भाजत होती.

वहिनी, दादा गेल्यावर येईल त्याला तुम्ही एकच सांगायचात, “एका घरात राहून मला कसं कळलं नाही?” तुम्ही ते म्हटलंत की मी चहा ढवळत बसायचो. साखर न घेणारा माणूस चहा ढवळतोय, हे तुमच्या लक्षात आलं नाही. पुढे मी यायचंच सोडलं. भाऊजी कामात असतील, असं तुम्ही समजलात.

मला कळलं होतं.

तो जायच्या दोन वर्षं आधी. गॅरेजात आम्ही हीच गाडी उघडून बसलो होतो. हातातल्या कार्ब्युरेटरकडे बघत तो म्हणाला, “रात्री पाच-पाचदा उठावं लागतं रे. काल लघवीतून रक्त गेलं. हिला बोलू नकोस.”

मी म्हणालो, “दादा, तुझा वॉशर गेलाय. बदलून घे.”

तो हसला. तो हसला की विषय संपायचा.

मीही तिथेच संपवायला हवा होता. पण त्या रविवारी मला लिहायला काही नव्हतं. ‘गळका नळ’ हा लेख तुम्हाला आठवत असेल. त्यातला इसम रात्री पाचदा उठतो, आणि बायकोला पत्ता लागू नये म्हणून ‘मी घोरतो, तुझी झोप मोडते’ असं सांगून बाहेरच्या खोलीत झोपायला जातो. तुम्ही फोन केलात. हसू आवरत नव्हतं तुम्हाला. “भाऊजी, कोण हो हा प्राणी? बायकोची दया येते हो त्याच्या!” मागे दादाही हसत होता. तुमच्यापेक्षा मोठ्याने.

पुढच्याच महिन्यात तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. कारण काय सांगितलं, ते तुम्हाला माहीत आहे. ते मी लिहून दिलं होतं.

डॉक्टरकडे गेला तो चौदा महिन्यांनी. तोवर प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचला होता.

तेव्हा, तुम्हाला कसं कळलं नाही, याचं उत्तर हे आहे: तुम्हाला कळू नये याचा बंदोबस्त आम्ही दोघा भावांनी केला होता. त्यातल्या एकाला माफ करा. तो बिचारा फक्त लाजला होता.

फेरी संपली तिथे तंबूत एक नर्स बसली होती. “काका, रात्री किती वेळा उठता?” जिभेवर विनोद तयार होता. गिळला. “तीनदा,” म्हणालो. रक्त दिलंय, गुरुवारी रिपोर्ट. हे पहिल्यांदा तुम्हालाच सांगतोय.

सोबत टाय पाठवतोय. दादाचा आहे. माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला मागून नेला होता, त्याला सत्तावीस वर्षं झाली. भेटला की “टाय?” म्हणायचा, मी “देतो” म्हणायचो. शेवटच्या आठवड्यात, बोलणं जड झालं होतं तेव्हाही, त्याने गळ्याशी बोट नेलं होतं. मी “देतो” म्हणालो.

इस्त्री केलीय. टोकाला ऑइलचा एक डाग आहे, तो आजचा, त्याच्याच गाडीचा. काढला नाही. त्याच्या कोटाशेजारी टांगाल?

पोचल्याचं कळवलं नाहीत तरी चालेल.

तुम्ही म्हणाल तर अजूनही तुमचा,
भाऊजी