शालूताईंचं एवढं कौतुक

रविवार, १४ मे १९७८

मुलांनी जमवलेले जुने लाकडी ठोकळे आज सगळे विकले गेले. आनंद व्हायला हवा होता. मग शालूताईंचा एवढा राग का येतोय?

सुजाता आणि मिलिंदने कॉलनीभर फिरून लोकांचे अडगळीतले ठोकळे जमवले. ते घासून धुतले मी, द्वारका चौकातल्या दुकानातून रंग आणला मी, प्रत्येक संचाला पिशवी शिवली तीही मीच. शेजारच्या शालूताई आज सकाळी चहा प्यायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "पोरांनो, नुसती पिशवी बघून कोण घेणार? ठोकळ्यांचं एक घर बांधून ठेवा." मुलांनी फाटकाशी घर बांधलं आणि गर्दी झाली. हे खरंच आहे.

संध्याकाळी सुजाता ह्यांना सांगत होती, "शालूमावशी नसती तर काहीच झालं नसतं." पिशव्यांचं नावसुद्धा नाही!

मग माझ्याकडे आली. "आई, उद्या आम्ही आणखी ठोकळे जमवणार आहोत. आणखी पिशव्या शिवशील?"

"मशीन बिघडलंय," मी म्हणाले. चक्क खोटं.

"दमलीस ना? राहू दे. मी हाताने शिवते."

आता समोर बसून वाकडेतिकडे टाके घालतेय. मला तिच्याकडे बघवत नाही.