करंजाच्या मधाला वास असतो

सौंसर, १२ जून १९८६

तीर्थरूप मामांच्या पायांशी भाचा मुकुंदचं डोकं. मामींचे गुडघे कसे आहेत? अन् तुमची दाढ काढल्याची जागा भरली का? तुमची सून चंद्रकला रोज विचारून राहिली.

मामा, माघात तुमच्या प्रतिभाच्या लग्नात मी मधमाश्यांच्या पेट्या ठेवायला तुमच्या करंजांखालची जागा मागितली. तुम्ही भर पंगतीत म्हणाले, "करंजाले कायचा वास राहते बे? मास्तर, तुझा मध म्हणजे गुळाचा पाक!" सारे हसले. मी अर्ध्या पंगतीतून उठलो (उठू नये, ठाऊक आहे; जिलेबीही राहिली). त्या दिवसापासून सौंसरात कोणी माझा पावशेर मध घेईना. मधमाश्या विकून टाकायचं मनात आलं होतं.

पण मी हट्टाला पेटलो. पाच बाटल्या नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवल्या, नाव नाही, नुसते आकडे. दोन संत्र्याच्या, एक जांभळाची, एक करंजाची अन् एक खरोखरच गुळाच्या पाकाची (चंद्रकलानं केला, झकास झाला होता). काल पांढुर्ण्याच्या प्रदर्शनात प्रयोगशाळेतले साहेब निकाल घेऊन आले. म्हणाले, प्रत्येक फुलाची वासाची द्रव्यं निराळी, ती मधात उतरतात, अन् यंत्र त्यांची रेघ काढतं. माझ्या करंजाची रेघ इतकी चोख निघाली की साहेबांनी माझं नाव माईकवरून दोनदा घेतलं. पाक तर यंत्रानं तिथल्या तिथंच पकडला. मामा, तुमच्याच पंगतीतले लोक टाळ्या वाजवून राहिले होते. मी रडलो, लपवत नाही. मग सगळ्यांनी बोटं बुडवून बाटली चाटूनपुसून संपवली.

तुमचा, आता साऱ्या तालुक्यात मान वर करून चालणारा,
मुकुंद

ता. क. साहेब विचारत होते, एवढा निर्भेळ करंज मिळाला कुठं? बोरगावला, तुमच्या विहिरीजवळच्या अकरा झाडांवर. पेट्या होळीपासून पंपाच्या खोलीमागं आहेत. तुमच्या सुखदेवला रागावू नका, तुमचा सालदार असला तरी शपथ त्याला मीच घातली होती. पुढच्या वर्षीही तिथंच ठेवू द्याव्या, एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी ता. क. वैशाखात त्या झाडांखाली दुपारची झोप काढून उठल्यावर तुमचा गाल सुजला होता ना? दाढ चांगली होती, मामा.