एकशे चाळीस बगळे

एल्डरमियर, यॉर्कशायर
संत बार्नबीचा दिवस, जून १५०४

चि. सौ. सिबिल हिस अ. उ. आ.

गुडघे सोडले तर इकडे सर्व कुशल. माल वाहणाऱ्या डिकनचा घोड्यांचा तांडा उद्या लंडनकडे निघतो आहे, म्हणून घाईने लिहितो. लामासच्या सणाला, नव्या गव्हाचा पहिला पाव चर्चमध्ये नेतात त्या दिवशी, राजा आमच्या खोऱ्यातून जाणार आहे! आपल्या लॉर्डसाहेबांनी ठरवले आहे की पुलापासून गढीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकशे चाळीस माणसे उभी करायची. सगळ्यांच्या अंगात निळे डगले आणि डाव्या छातीवर त्यांच्या घराण्याचा पांढरा बगळा. डगले शिवायला टाकले आहेत, फक्त बगळे हवेत. मी भर दरबारात सांगून बसलो की माझी धाकटी बहीण लंडनात रेशमाचे दुकान चालवते, तिच्या हातचा बगळा उडायचाच काय तो बाकी असतो. तेव्हा एकशे चाळीस बगळे वेळेत पाठव.

तुला आठवते का ग, थोरल्या लॉर्डांची माणसे याच रस्त्याने जायची? मी तेव्हा नवा मास्तर, तू माझ्या खांद्यावर, आणि आपला भाऊ पिअर्स रांगेत तिसरा. वाऱ्याने डगले फुगले की वाटायचे, नदीच वळून रस्त्यावर आली आहे. तसे दृश्य पुन्हा दिसले नाही.

माणसांची यादी माझ्याच हातची आहे. सुवाच्य लिहिणारा दुसरा आहे कोण? शेवटचे नाव तांबड्या शाईत आहे, माझे. हसू नकोस. सत्तराव्या वर्षी मलाही डगला मिळतो आहे, कारण पुलावर मी कविता म्हणायची आहे. सुरुवात अशी:

निळ्या लाटांवर आले बगळे,
राजा, पाहा हे तुझेच सगळे!

तुझे यजमान हंफ्री यांना आशीर्वाद. लोभ तू करतेसच, या खेपेस थोडा बगळ्यांवरही कर.

तुझा दादा,
अँब्रोज

•

चीपसाइड, लंडन
संत जॉनचा दिवस, जून १५०४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातली सुई खाली ठेवली. बगळे पाठवणार नाही. एकशे चाळीस नाही, चाळीस नाही, अर्धासुद्धा नाही. रुसू नकोस, पुढे वाच.

या वसंतातच पार्लमेंटने कायदा केलाय. घरात राबणाऱ्या नोकरांखेरीज कुठल्याही सरदाराने कुणाला आपला डगला आणि आपलं चिन्ह द्यायचं नाही. देणारा गुन्हेगार आणि घालणाराही. डगल्यामागे दर महिन्याला शंभर शिलिंग दंड. आता मला सांग, आपला वॉट लोहार लॉर्डसाहेबांच्या घरी भांडी घासतो का? वर्षभर भाता ओढून तरी तो शंभर शिलिंग बघतो का? माझे यजमान कापड पोचवायला वेस्टमिन्स्टरला जातात. तिथे राजाच्या न्यायसभेच्या दालनाच्या छतावर चांदण्या रंगवल्यात, आणि त्या चांदण्यांखाली भलेभले सरदार टोपी हातात घेऊन घाम पुसत असतात, असं ते सांगतात.

तुम्हा डोंगरातल्या लोकांना वाटतं, जितकी माणसं दाखवू तितका राजाचा मान. अरे, हा राजा त्यातला नाही. पांढऱ्या गुलाबाच्या, म्हणजे शत्रूच्याच, घरातली मुलगी करून त्याने गादीचं तीस वर्षांचं भांडण मिटवलं, गादीवर हक्क सांगणारे दोन तोतये गुंडाळले, आणि आता तो तलवार क्वचितच काढतो, कागद काढतो. आणि तू त्याच्यासाठी कागद तयार करून ठेवलायस! एकशे चाळीस नावं, तीही सुवाच्य! फिर्याद लिहायची वेगळी गरजच नाही. कविता गोड आहे, दादा, पण खोटी आहे. ते बगळे त्याचे नाहीत, हीच तर त्याची तक्रार आहे.

आणि पिअर्स. तुला फुगलेले डगले आठवतात. मला टौटनच्या लढाईनंतर बर्फातून गाडीवर परत आलेला पिअर्स आठवतो. मी सात वर्षांची होते. आईने तो डगला धुतला, छातीवरचा बगळा उसवला आणि उरलेल्या कापडाचा मला परकर शिवला. तीन हिवाळे मी तो वापरला. बगळा भरायला मला कुणी शिकवलं, असं तुला वाटतं?

सोबत कायद्याचा छापील कागद आहे. आताचे लॉर्डसाहेब लॅटिनच्या तासाला बाकाखाली लपायचे ना? त्यांना उभं करून वाचायला लाव. माझ्यावर रागावलास तरी चालेल, पण लोभ तोडू नकोस.

तुझी सिबिल

•

एल्डरमियर
संत स्विदिनचा दिवस, जुलै १५०४

चि. सौ. सिबिल हिस अ. उ. आ.

तुझे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्यांदा रागावलो, दुसऱ्यांदा घाबरलो, तिसऱ्यांदा चष्मा पुसावा लागला. मग काठी घेतली आणि गढी चढलो.

लॉर्डसाहेब तापलेच. म्हणाले, मास्तर, माझ्या आजोबांच्या मागे सहाशे डगले चालायचे, आणि तेव्हाचा राजा ते पाहून खूश व्हायचा. मी म्हटले, तो खूश नव्हता, घाबरलेला होता, म्हणून तर टिकला नाही. मग कागद त्यांच्या हातात दिला आणि उभे राहून मोठ्याने वाचायला सांगितले. चाळिशी उलटली, पण सवय कुठे जाते? उठले बिचारे. पहिल्यांदा तोऱ्यात वाचले. दुसऱ्यांदा ‘घालणाराही’ या शब्दापाशी अडखळले. वॉट लोहारालाही का, असे हळूच विचारले. मी म्हटले, वॉटला, गवळ्याला आणि मला. ते कागदाची घडी घालून खिडकीशी गेले. मग म्हणाले, मास्तर, या वयात तुम्हाला डगला कशाला हवा होता?  एकदा तरी पिअर्ससारखे दिसायचे होते, हे त्यांना कसे सांगू?

डगले वाटायचे नाहीत, असे ठरले. शिवलेल्या कापडाचे काय करायचे, यावर मी तुझ्या परकराची गोष्ट सांगितली.

यादी मी चुलीत घालायला निघालो होतो. त्यांनीच अडवले. जे आपण केले नाही ते लपवायचे कशाला, म्हणाले. वरचे ‘डगलेवाले’ हे शीर्षक खोडा, खाली ‘गवत कापणारे’ लिहा, आणि खोडलेले दिसू द्या. सिबिल, या मुलाला मी उगीचच ढ समजत होतो.

आता राजाचे लोक काय म्हणतात ते पाहायचे. आमच्यासाठी एक मेणबत्ती लाव.

तुझा दादा

•

एल्डरमियर
संत लॉरेन्सचा दिवस, ऑगस्ट १५०४

चि. सौ. सिबिल हिस अ. उ. आ.

राजा आला नाही. पूर आला म्हणून दुसऱ्या रस्त्याने गेला. आले ते त्याचे दोन कारकून, त्यातला एक उंच, वाळका, बोटांना शाई. कापडाची बातमी त्यांना आधीच लागली होती. लामासच्या आदल्या दिवशी ते थेट कुरणात उतरले आणि विळे चालवणाऱ्या एकेकाला विचारू लागले, तू कुणाचा माणूस? वॉट म्हणाला, दिवसा भट्टीचा, एरवी बायकोचा, आणि दोघींचा जाच सारखाच. वाळका हसला नाही. यादी मागितली.

ती मी पुढे केली. त्याने सगळी नावे वाचली, मग खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारले, हे कुणी खोडले? लॉर्डसाहेब पुढे झाले. म्हणाले, लिहायला मी सांगितले होते, खोडायलाही मीच. कायदा उशिरा कळला, पण कळला. वाळक्याने दोन ओळी लिहून घेतल्या आणि यादी मला परत दिली. अक्षर चांगले आहे, म्हणाला.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. चर्चमधून बायका बाहेर पडल्या त्या सगळ्या एकजात निळ्या परकरांत! वाळका पायरीवर थबकला. हे काय, म्हणाला. लॉर्डसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. तेवढ्यात वॉटची बायको मॉड कमरेवर हात ठेवून पुढे आली आणि तिने ऐकवले की कायद्याचा कागद तिने मास्तरांकडून पुरा ऐकला आहे, त्यात परकराचा उल्लेख कुठेही नाही, आणि साहेबांना हवे तर त्यांच्या बायकोसाठीही एक शिल्लक आहे. तेव्हा मात्र वाळका खो खो हसला.

राजा मी पाहिला नाही, पण त्या शाईच्या बोटांत तो मला दिसला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आमच्या पुलावरून सत्ता आली, गेली, आणि मागे कुणाच्या दारात रडणे राहिले नाही. त्याच्यावर कविता करायला हवी, पण तिला डगला नको.

माझ्या वाटणीच्या कापडाचा परकर वॉटच्या धाकटीला झाला. सात वर्षांची आहे. काल ती कुंपणावर बसली होती, वाऱ्याने परकर फुगला होता. मी काठी कुंपणाला लावून तिच्या शेजारी टेकलो.

तुझा दादा

•

चीपसाइड
ऑगस्टअखेर, १५०४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मॉडला सांग, लंडनला आली तर माझ्या दुकानात तिला गल्ल्यावर बसवते.

तू एकशे चाळीस मागितले होतेस. एक पाठवतेय. नीट उघड, धागे जुने झालेत. आईने उसवलेल्या टाक्यांची भोकं अजून कडेला दिसतात. हा अंगावर लावू नकोस. तुझ्या कवितांच्या वहीत ठेव, शेवटच्या पानात. तिथे तो कुठल्याच लॉर्डसाहेबांचा नाही, आपला आहे.

तुझी सिबिल