मुकादमाच्या नावाने

३ मार्च
काकाचं नाव परत गोदामाच्या थंड खोलीच्या ड्युटीत. सलग दहावा आठवडा! छाती भात्यासारखी वाजते त्याची. मला मात्र इथे आल्यापासून एकदाही थंड खोली लागली नाही — नशीब म्हणायचं. मुकादमाला विचारलं, म्हाताऱ्यावर काय राग आहे तुमचा? "ड्युट्या कॉम्प्युटर लावतो बाबा, मी नाही."
काका नात्याचा नाही. माझ्यासोबत एका खोलीत राहतो, माझे मोजे धुतो, वर शिव्या घालतो. म्हणून काका.

५ मार्च
केलं. जेवणाच्या सुट्टीत. मुकादमाचा पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला असतो, अख्ख्या गोदामाला माहीत आहे. काकाला गेटवर टाकलं, थंड खोलीत मी. एका बोटाने टाइप करताना घाम फुटला.

६ मार्च
काका खूश व्हायचा सोडून तोंड फुगवून बसलाय. "कुणी सांगितला होता तुला शहाणपणा?"

१० मार्च
सगळे कॉम्प्युटर बंद. पडद्यावर एकच ओळ — डेटा हवा असेल तर पैसे भरा. सायबर पोलीस आलेत.

११ मार्च
अधिकारी बाईंनी सगळ्यांना समोर उभं केलं. हल्ली हे धंदे फार वाढलेत म्हणे, घरबसल्या अख्खी कंपनी ओलीस धरतात. पण कायदा तेवढ्यावर थांबत नाही. परवानगी नसताना दुसऱ्याच्या नावाने आत शिरलं, तो गुन्हा. आत फिरवाफिरवी केली, तो आणखी एक.
"आणि कुणाच्या भल्यासाठी केलं तर?" माझ्या तोंडून निघून गेलं. सगळे बघायला लागले.
"हेतू कोर्ट बघेल. कोण शिरलं, ते आधी मी बघते."

१२ मार्च
मुकादमाला घेऊन गेले. त्याच्या नावाने कुणीतरी आत शिरायचं, म्हणजे तोच चोरांना सामील, असा संशय. माणूस खडूस, पण मला ताप आला तेव्हा स्वतःचं जॅकेट दिलं होतं त्याने.
काका म्हणतो, "तू तोंड उघडायचं नाही. घरी आई आहे तुझी."
"मुकादमालाही असेल."
"त्याला? कंपनीने बनवलाय त्याला."
दोघेही हसलो.

१३ मार्च
जातो बाईंकडे. आईला फोन केला, यातलं काही सांगितलं नाही. काका बूट घालतोय, सोबत येतो म्हणतो.

१३ मार्च, दुपार
सांगून टाकलं. बाईंनी नोंदींची यादी पुढे सरकवली. मुकादमाच्या नावाने अकरा बदल. माझा शेवटचा. आधीचे दहा एकसारखे — दर सोमवारी थंड खोलीतून माझं नाव काढलंय, काकाचं घातलंय.
काका म्हणाला, "लिहा मॅडम. ते दहा माझे."