पणजोबा होण्याची तयारी

५ जानेवारी १९७३, दहिवडी
पंचाहत्तरी लागली. आरशात पाहिले. साठीचाच दिसतो.
निश्चय: पणतवंडाचे तोंड पाहायचे. पणतू झाला की पणजोबाला पाटावर बसवून डोक्यावर सोन्याची फुले उधळतात. टिकलीएवढी असली तरी चालतात. प्रसंगाची कविता आजच घेतली करायला. वृत्त शार्दूलविक्रीडित.
नात अंजना सोळाची आहे. मॅट्रिकला बसते आहे. तिचा बाप मुंबईला गिरणीत, म्हणजे घरात निर्णय घेणारा मीच.

९ जानेवारी
अंजनाशी बोललो. म्हणाली, "आबा, मार्चात परीक्षा. मग मिरजेला नर्सिंग. नोकरी लागूं द्या, तवर थांबा की."
थांबा! जन्मभर मुलींना कविता शिकवल्या. स्त्रीशिक्षणाची माझ्याइतकी तळमळ या तालुक्यात कुणाला नाही. पण शिक्षण कुठे पळून जाते का?

१४ जानेवारी
सून बयाबाई दुष्काळी कामावर खडी फोडते. संध्याकाळी येऊन म्हणाली, "आवं, पोरीच्या शाळंपायी हात फोडून घेतल्यात मी. मॅट्रिक तरी हूं द्या तिला."
हातांना चिंध्या बांधलेल्या. करुण दृश्य. लगेच दोन ओळी सुचल्या. 'फोड'ला यमक 'गोड'. अर्थ जरा बसत नाही, उद्या सुधारू.

२८ जानेवारी
स्थळ मिळाले! वाळव्याकडचे. नदीकाठचा ऊस. मुलगा धनाजी पलटणीत आहे, सध्या रजेवर. त्याचे आजोबा नानासो ऐंशीचे, खडखडीत. म्हणाले, "मास्तर, हुंडा नगं. पर पोरगी कवळी पायजे. शिकून घोडी झाल्याली आमाला न्हाई चालत. आन् पोराची रजा सरायच्या आत उरका."
रसिक माणूस. दुष्काळात बिनहुंड्याचे स्थळ नाकारणे म्हणजे शुद्ध मूर्खपणा. मुंबईला कळवले: घरात सर्वांची संमती आहे.

१८ फेब्रुवारी
लग्न पार पडले. अंजना फार रडली. सासरी जाताना रडतातच, सगळ्या कवितांत रडतात. एस.टी.त चढता चढता विचारत होती, "आबा, परीक्षेला पाठवतील न्हवं? तुमी इचारलंय न्हवं?"
विचारायचे राहिले. पुढच्या भेटीत नक्की.

१२ मार्च
आज मॅट्रिकचा मराठीचा पेपर. अंजना बसली असती तर तालुक्यात पहिली आली असती. नात कुणाची!
दुपारी झोप छान लागली.

६ जून
वाळव्याहून निरोप. अंजनाला दिवस गेले. धनाजीची रजा कारणी लागली! बयाबाईला पेढे आणायला सांगितले. ती परसात जाऊन भांडी आपटत बसली. आनंद प्रत्येकाचा वेगळा.

२ सप्टेंबर
वाळव्याला जाऊन आलो. पोर फिकी दिसते. पाय सुजलेत. डॉक्टर म्हणतो, अंगात रक्त नाही, वय कोवळे, जपा. हल्लीचे डॉक्टर भित्रे. माझी आई तेराव्या वर्षी आई झाली. ती बाळंतपणातच गेली खरी, पण तिसऱ्या. त्याचा इथे संबंध नाही.
कवितेची सात कडवी झाली.

२९ नोव्हेंबर
मुलगा झाला! पणतू!
अंजना दोन दिवस अडली होती. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेऊन पोट फाडावे लागले. वाचली. डॉक्टर म्हणतात, पुन्हा मूल व्हायचे नाही. पण पहिलाच मुलगा, मग दुसऱ्याची गरज काय?
सोन्याची फुले करून घेतली, बयाबाईच्या कुड्या मोडून. खडी फोडताना कुड्या कोण घालतो?

१६ डिसेंबर, वाळवे
समारंभ. मांडव, पाट, रांगोळी. नवे धोतर नेसून पाटाकडे निघालो, तर वाईहून आणलेल्या भटजींनी हात आडवा केला. म्हणाले, "आजोबा, तुम्ही आईकडचे. नातीचं मूल दुसऱ्या कुळाचं. तुमचा मान तुमच्या नातवाला मुलगा होईल तेव्हा."
पाटावर नानासो बसले. माझी फुले त्यांच्या टकलावर. वर मलाच म्हणतात, "मास्तर, जरा सरका की. तुमच्या पायाखाली फूल गेलंय."
कविता सुरू केली. दुसऱ्या ओळीला पंगत बसली.
अंजना आतल्या खोलीत पडून होती. पांढरी फटक. विचारले तिने, "झालं का आबा, मनासारखं?"
अर्धवटच झाले, म्हणालो. खरे ते सांगितले.
ती भिंतीकडे वळली. थकली असावी.

१९ डिसेंबर, दहिवडी
प्रवासभर विचार केला. निराशेचे कारण नाही. अंजनाचा धाकटा भाऊ कृष्णात नववीत आहे. नातवाचा मुलगा तो खरा पणतू. आटपाडीकडे एक मुलगी ऐकून आहे, चौदाची. आत्ता हालचाल केली तर अठ्ठ्याहत्तरीच्या आत सहज जमते.
जेवताना बयाबाईला सगळे नीट समजावून सांगितले. तिने भाकरी वाढली. शांतपणे म्हणाली, "कृष्णातचं लगीन तुमच्या माघारी करायचं ठरलंय आमचं. घाई असंल तर तुमीच लवकर आवरा."