एवांथिया खालाची जागा

ताश्कंद,
१२ फेब्रुवारी २००८

जिवाभावाच्या ख्रिसुलास,

मस्तुराचा सलाम. आम्ही सगळे बरे आहोत, तिकडे थेसालोनिकीला तुम्हीही सुखरूप असाल. तुझा गुडघा कसा आहे? माझे आता दोन्ही गेले. उठताना घरातल्या सगळ्यांना कळतं की मी उठतेय.

तुझं पत्र पोचलं. ईस्टरला येतेस, आईबाबांच्या थडग्यावर मिळून एकच दगड बसवायचा म्हणतेस. ते वाचलं आणि पत्र पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलं. आज अकरावा दिवस. का लपवलं ते सांगायलाच बसले आहे, पण आधी गल्लीची खबरबात सांगते. टाळतेय, मला ठाऊक आहे. टाळू दे थोडं.

गल्लीतलं एकही दार तुला आता ओळखू येणार नाही. त्या कोरियन किमच्या घरात कार्शीकडची राबिया आली, सात पोरांसकट. जर्मन मास्तरांच्या बागेत गाड्या धुतात. तातार शिंपिणीचं घर दोनदा विकलं गेलं. तुम्ही ग्रीक गेलात आणि तुमच्या गच्च्यांवर आमच्या रजया वाळू लागल्या. आता सगळे आमचेच, उझबेक. माणसं चांगली आहेत, अडीअडचणीला धावून येतात. पण आपण दोघी लहानपणी एका दुपारी पाच भाषांतल्या शिव्या शिकून यायचो, तसं आता पोरांच्या नशिबी नाही. शेवटी उरली एकटी तुझी आई. नव्या बायका विचारायच्या, "खाला, तुम्ही मूळच्या कुठल्या?" ती म्हणायची, "मी इथलीच. तुम्ही कधी आलात?"

बरं, आता ऐक.

माझी ओयदिन तुझ्या आईच्या मांडीवर वाढली. मी गिरणीत पाळ्या करायचे आणि पोर तिच्याकडे जेवायची, तिच्याकडेच झोपायची. सहा वर्षांपूर्वी ओयदिनला स्थळ आलं. चांगलं घर, चांगला मुलगा. त्याची आई चहा पिता पिता म्हणाली, "पोर गुणाची आहे हो, पण काफिराच्या घरी वाढलेली म्हणतात." मी किटली खाली न ठेवताच म्हणाले, "कसली काफिर? खालानं कधीच कलमा पढला. माझ्यासमोर."

इतकं सोपं होतं ते.

ही खबर मोहल्ल्यात पसरायला कितीसा वेळ? तिसऱ्या दिवशी सात बायका गरम नान आणि पांढरा रुमाल घेऊन तुझ्या आईकडे निघाल्या, अभिनंदनाला. मी मागोमाग धावले. त्यांच्या डोक्यांवरून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तिनं रुमाल घेतला आणि डोक्याला बांधला. सगळ्या गेल्यावर मला विचारलं, "लग्न जमलं का?"

"जमलं."

"मग झालं तर. पोरीसाठी फडकं बांधल्यानं मी काही मरत नाही. पण मस्तुरा, हे नाटक जगण्यापुरतंच हं. मेल्यावर मला माझ्या थानासिसशेजारी टाकायचं. जागा राखून ठेवलीय मी तिथं."

मी नानवर हात ठेवून शपथ घेतली.

सहा वर्षं ती हे सोंग वठवत राहिली. ईदला बायकांत बसायची, दुआला हात उचलायची. एकदा तर हात उचललेले असतानाच मला डोळा मारला. मी रुमालाआड तोंड लपवून हसले होते. हसले होते, ख्रिसुला.

नोव्हेंबरात ती गेली, सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. मी तुला फोन केला. तासाभरात अंगण भरलं. कुणी जबरदस्ती केली असं मनात आणू नकोस. राबियानं पेटीतून स्वतःचं कफन काढून आणलं, स्वतःसाठी ठेवलेलं. म्हणाली, "माझं नंतर बघू. आज खालाला लागतंय." बायकांनी रडत रडत तिला न्हाऊ घातलं. मीही पाणी ओतलं.

आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत, तुला माहीत आहे. म्हणजे जे काय बोलायचं ते जनाजा दारातून निघायच्या आत. ओयदिनची सासू शेजारीच उभी होती, माझा हात धरून, माझं सांत्वन करत. मी तोंड उघडलं, तिच्या हाताकडे पाहिलं आणि दातखीळ बसली. पुरुषांनी जनाजा उचलला. तुझ्या बाबांकडे जायचं तर गल्लीच्या टोकाला उजवीकडे वळावं लागतं. ते डावीकडे, आमच्या कबरस्तानाकडे वळले. मी बघत राहिले.

संध्याकाळी फोनवर तू विचारलंस, "बाबांशेजारीच ना?" मी "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" म्हणून ठेवून दिला. आवाज स्वच्छ येत होता. तू नाक ओढलेलंसुद्धा ऐकू आलं.

तुझं पत्र आल्यावर ओयदिनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यासाठी केलंस म्हणू नकोस, आई. मला विचारलं होतंस?" आणि घरी जाऊन सासूला स्वतःच सांगून मोकळी झाली. त्या बाईनं काय म्हणावं? "तीन नातवंडं झाली, आता काय तुला परत पाठवू? त्या दिवशी तुझ्या आईनं सांगितलं असतं तर मी दोन दिवस तोंड फुगवलं असतं, बास."

दोन दिवसांचं फुगलेलं तोंड! तेवढ्याच्या भीतीनं मी तुझ्या आईला तुझ्या बाबांपासून तोडलं. मला माझीच किळस येते.

मग मोहल्ल्याच्या थोरल्यांकडे गेले. तुर्सुन-ओता म्हणाले, "तिची लेक येऊ दे. हलवायचं म्हणाली तर कागदावर सही तिची लागेल, माणसं मी देईन. पण राबियाला तू स्वतः सांगायचंस." राबियाला अजून सांगितलेलं नाही. ती रोज दारात दिसते आणि मी मान खाली घालून निघून जाते.

माझ्याकडे उतरायचं की नाही ते तू ठरव. न उतरलीस तर मला विचारायचं तोंड नाही. पण मग कबरस्तानात एकटीच जाशील, म्हणून एक लिहून ठेवते. तिथल्या राखणदाराला एवांथिया विचारू नकोस, त्या नावाचं तिथं कुणी नाही. जनाजा उचलायच्या आधी इमामांनी विचारलं होतं, "कलमा पढल्यावर नाव काय ठेवलं होतं?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ठाऊक नाही" म्हणता आलं असतं. मी म्हणाले, हलीमा. दुसरं सुचेना म्हणून माझ्या आईचं नाव सांगितलं. पाटीवर तेच आहे.

हलीमा विचार. तुझी आई सापडेल.

मस्तुरा