लाल फडक्याचा कॅन

प्रिय सिल्वी,

काल आजोबांच्या स्नोमोबाईलला नवा पिस्टन बसवला. दोन हिवाळे मी त्या इंजिनाला हात लावला नव्हता, आणि तूही इकडे फिरकली नव्हतीस. जुना पिस्टन समोरच ठेवलाय, एका बाजूने नांगरल्यासारखा ओरबाडलेला. आठवीपुढे मी शाळा पाहिली नाही, पण वाचून वाचून एवढं शिकलो की या इंजिनाला वेगळं वंगण नसतं. पेट्रोलबरोबर येईल तेवढंच तेल. केसाहून पातळ थर, आणि त्याच्या भरवशावर मिनिटाला सहा हजार फेरे! तीस वर्षं झाली, अजून माझं नवल सरत नाही.

म्हणून तर मी मोजतो. पेट्रोल मद्यार्क न मिसळलेलं, कारण मद्यार्क पाणी ओढतो. पाच गॅलनला सोळा औंसांची अख्खी बाटली, म्हणजे चाळीसास एक. तेल स्नोमोबाईलचंच, होडीचं चालत नाही. अर्धं पेट्रोल, मग तेल, नीट हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. सगळं झाल्यावरच कॅनच्या मुठीला लाल फडकं, म्हणजे यात तेल मिसळलंय ही खूण. शेजारचा एनो चिडवायचा, "आर्वो, सोनाराचा तराजू आण की लेका!" मी म्हणायचो, "आधी तुझ्या इंजिनाच्या करवतीचा धूर बघ."

त्या फेब्रुवारीत गोठलेल्या खाडीच्या मध्यावर तू टाकी भरलीस आणि दोन मैलांवर इंजिन जाम झालं. पाच मैल बर्फ तुडवत आलीस, पापण्यांवर हिम. एवढंच म्हणालीस, "बाबा, फडकं बांधलेलाच कॅन होता." आणि मी एनोसमोर म्हणालो, "बाईसाहेबांना हल्ली लाल रंग दिसत नाही." दुसऱ्या दिवशी तू डुलूथ शहरात निघून गेलीस.

गेल्या आठवड्यात सौनातला, आपल्या वाफेच्या न्हाणीतला, बाक कुजला म्हणून फळ्या उचकटल्या. मागे तेलाची बाटली. थंडीत तेल मधासारखं होतं म्हणून मी ते तिथे उबेला ठेवतो, तुला ठाऊक आहे. कॅन भरायला घेतला की ओतण्याआधीच मी बाटलीवर तारीख घालतो, हेही. माझ्याच अक्षरात: ९ फेब्रुवारी, तू नेलेला कॅन भरला तो दिवस. सील शाबूत.

तेल न घालताच फडकं मी बांधलं होतं, सिल्वी. टाकीत उरलेल्या थोड्याशा जुन्या मिश्रणावर ते इंजिन दोन मैल धावलं. आणि तू माझा तो शब्द घेऊन दोन वर्षं. जास्त नवल कशाचं करू, मला कळत नाही. एनोला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच तो हसला नाही. बाटली अजून फोडलेली नाही. तू ये. तेल तू ओत, फडकंही तूच बांध. मी फक्त कॅन धरतो.

तुझाच, मापात चुकलेला,
बाबा